उजवीकडे चार

मुलींचं वसतिगृह, अहेरी
१२ नोव्हेंबर २०२५

मामाजी, जय भीम.

पत्र पाहून घाबरू नका, घरी कोणी आजारी नाही. इथं मोबाईल वॉर्डनबाईंच्या कपाटात असतो. रविवारी मिळतो, पण त्यांच्यासमोर उभं राहून बोलावं लागतं. मला रडायचं आहे आणि ते त्यांच्यासमोर जमत नाही. म्हणून पत्र.

नववीचं गणित मला खाऊन राह्यलं. साधना मॅडमनी फळ्यावर एक आडवी रेघ काढली, एक उभी काढली. आडवी म्हणे एक्स-अक्ष, उभी वाय-अक्ष. दोघी जिथं एकमेकींना कापतात तिथं शून्य. त्याचं नाव आरंभबिंदू. आता कागदावरचा कोणताही ठिपका दोन आकड्यांत सांगता येतो. मी हात वर करून विचारलं, "मॅडम, शून्य तिथंच काऊन?" सगळा वर्ग हसला. मॅडम म्हणाल्या, "आपण ठेवू तिथं शून्य." आपण म्हणजे कोण, मामाजी? मला तर कोणी विचारलं नाही.

त्यात (३, २) वेगळा आणि (२, ३) वेगळा. मी नेहमी उलटा टाकते. चाचणीत वीसपैकी चार आले. आई सगळ्या गावाला सांगते, माही पोरगी इंजिनिअर होणार. चारमध्ये काय होते, डोंबल!

आपल्या पिंपळटोल्याच्या मंडईच्या जत्रेत यंदा तुमच्याच कंपनीचं नाटक आहे, असं आई म्हणत होती. मी एकही चुकवलेलं नाही. सगळ्यात पुढची सतरंजी, तुम्ही राखून ठेवलेली, आणि मी आईच्या मांडीला टेकून. यंदा माझी जागा रिकामी राहील. खलनायकाला शिव्या कोण देईल?

तुमची रडकी भाची,
दिव्यानी


वडसा
१८ नोव्हेंबर २०२५

भाचीबाई, लटारूमामाचा जय भीम.

तुही चिठ्ठी भेटली. आमच्या गाडीतले सारे मागं लागले, "लटारूभाऊ, या वयात कोणाची चिठ्ठी आली?" मी म्हणलो, आहे एक अहेरीची, माह्याशिवाय राहात नाई. दिवसभर हवा केली बाप्पा!

अवं, (३, २) अन् (२, ३) चं कोडं आम्ही रोज सोडवतो. कंपनीत नवा पोट्टा आला का त्याले पयला धडा हाच देतो: पयले आडवं चाल, मंग मागं-पुढं हो. उलटं केलं का तो दुसऱ्याच्या तोंडापुढून जाते अन् पब्लिक बोंबलते. तसंच पयला आकडा आडवा, दुसरा मागं-पुढं. विसरली तं पब्लिकनं फेकून मारलेला जोडा आठवजो. अन् शून्य म्हणशील, तं आमचा शून्य म्हणजे मधला माईक. कुठी टांगाचा ते आपण ठरवाव, पण एकदा टांगला का मंग साऱ्यांनी त्यालेच मानाव.

यंदा मी खलनायक नाई, बाप आहो. शेवटी पोरं घराबाहेर काढतात अन् मी स्टेजच्या पायऱ्या उतरून लोकांमधून चालत जातो. बायका भल्ल्या रडतात.

आता एक काम आहे. कोणाले सांगू नोको, तुह्या मायले तं बिलकुल नाई. आमच्या कंपनीत एक कलावंत आहे. दिवसा सुईत दोरा ओवते, पण सांज पडली का त्याच्या डोळ्यापुढं पडदा पडते. नागपूरच्या डॉक्टरनं सांगितलं, याले औषध नाई, नजर अशीच आवळत जाईन. फोकसखाली त्याले समोरचं तेवढं दिसते, बाजूचं काईच नाई. आजपर्यंत त्यानं निभावलं. रंजीता त्याच्या पोरीचं काम करते, तिच्या बांगड्यांचा आवाज येते, त्याच्यावर तो अंदाज बांधते. तिले बिचारीले हे माहीत नाई. पण मालक पत्रूभाऊले कळलं तं दुसऱ्या दिवशी त्याच्या हाती पिशवी येईन. वीस-पंचवीस सालं तोंडाले रंग लावला त्यानं. त्याले दुसरं काय येते?

आम्ही आज या गावी, उद्या त्या गावी. पोहोचेपर्यंत अंधार पडते, म्हणून स्टेज त्याले उजेडात पाहाले भेटतच नाई. तुमच्या गावी तं यंदा शाळेच्या पटांगणात नवा सिमेंटचा रंगमंच झाला म्हणतात. तू दिवाळीत पाह्यला असशील. तुह्या त्या दोन आकड्यांत तो मले लिहून पाठवशील का? दार कुठी, पायऱ्या कुठी. तो बिचारा पाठ करून घेईन.

गणिताले भिऊ नोको. जोडा आठव.

मामा


अहेरी
२३ नोव्हेंबर २०२५

मामाजी, जय भीम.

जोडा कामी आला! काल मॅडमनी वीस ठिपके टाकायला दिले, एकही उलटा गेला नाही. मी आडवं चालले आणि मगच वर गेले. शेजारची रोशनी म्हणाली, तू बोटांनी काय चालून राह्यली? मी म्हटलं, स्टेजवर आहे, मधात येऊ नको.

त्या कलावंताचं वाचून रात्री जेवण गेलं नाही. मी कोणालाच सांगणार नाही. त्यांना म्हणा, दिव्यानीनं शब्द दिला.

नकाशा सोबत आहे. दिवाळीत आम्ही त्या रंगमंचावर रोज लंगडी खेळलो, त्यामुळे कोपरा न् कोपरा पाठ आहे. डोळे मिटून मी माझ्या सतरंजीवर जाऊन बसले आणि तिथून काढला. शून्य म्हणजे मधला माईक, अगदी पुढच्या काठावर. आडवा एक्स-अक्ष काठाकाठानं जातो, उजवीकडे अधिक, डावीकडे उणे. वाय-अक्ष माईकपासून सरळ मागच्या पडद्याकडे. एक घर म्हणजे मोठ्या माणसाचं एक पाऊल.

दार (०, ६). म्हणजे आडवं काहीच नाही, सरळ सहा मागे.

पायऱ्या (४, ०). उजवीकडे चार, काठावरच.

(−४, ०) ला चुकूनही जाऊ नये. काठाखाली कंत्राटदारानं गिट्टीचा ढीग तसाच टाकून दिला आहे. त्यांच्याकडून हे दहा वेळा म्हणवून घ्या.

मामाजी, पहिल्यांदाच मला वाटलं की या आकड्यांचं कोणाला तरी काम आहे. मॅडमना सांगावंसं वाटत होतं, पण शब्द दिला आहे.

आता न रडणारी,
दिव्यानी


सिंदेवाहीजवळून, गाडीत बसून
२९ नोव्हेंबर २०२५

भाचीबाई,

नकाशा भेटला. शाब्बास! अक्षर मोठं काढलं ते बरं केलं. त्या कलावंतानं दोन दिवस बडबड लावली आहे, शून्य-सहा दार, उजवीकडे चार पायऱ्या, डावीकडे गिट्टी. नथ्थू तबलजी म्हणते, हा कोणता ताल आहे बाप्पा?

तीन तारखेले तुमच्या गावी नाटक. तुही जागा मी कोणालेच देणार नाई, सतरंजीवर तुह्या मायची पिशवी ठेवाले सांगतो. नाटक झालं का लगेच कळवतो.

मामा


अहेरी
१४ डिसेंबर २०२५

मामाजी,

तुम्ही लगेच कळवतो म्हणाला होता. मी रोज शिपायाला विचारत होते. आज आई भेटायला आली, चिवडा घेऊन. मी विचारलं, नाटक कसं झालं? तर ती म्हणाली, "तुह्या मामानं तं हातपाय मोडून घेतले असते. शेवटच्या प्रवेशात स्टेजच्या काठावरून सरळ गिट्टीवर पडला. घोट्याले तडा गेला. पायऱ्या इकडे, हा चालला तिकडे. पिऊन होता म्हणतात लोकं."

मामाजी, तुम्ही पीत नाही. तो कलावंत तुम्हीच ना?

आईपुढं मी चिवडा खात बसले. ती गेल्यावर न्हाणीत जाऊन नकाशाची कच्ची प्रत काढली आणि एका मिनिटात कळलं. मी लोकांत बसून काढला. तुम्ही लोकांकडे तोंड करून उभे. माझा उजवा हात तो तुमचा डावा. दार तुम्हाला बरोबर सापडलं असेल, कारण तिथं आडवा आकडा शून्य आहे आणि शून्याला डावं-उजवं नसतं. म्हणूनच तुम्हाला भरवसा आला असेल. मग मी लिहिलं तसं उजवीकडे चार गेलात. जिथं जाऊ नका म्हणून दहा वेळा म्हणायला लावलं, तिथंच मी तुम्हाला धाडलं.

गणिताचं पुस्तक पेटीच्या तळाला टाकलं आहे. मॅडमना सांगितलं, हरवलं. मला इंजिनिअर व्हायचं नाही. माझ्या आकड्यानं माणूस पडतो.

लोकं तुम्हाला दारुडा म्हणून राह्यले ते मला सहन होत नाही. मी आईला खरं सांगू का? पण शब्द दिला आहे. मला काही सुचत नाही. माफ करा म्हणायलाही लाज वाटते.

दिव्यानी


वडसा
१९ डिसेंबर २०२५

माह्या पोरी,

हो, मीच तो.

पयले पुस्तक काढ पेटीतून. आत्ता, ही चिठ्ठी खाली ठेवून. काढलं? आता वाच.

त्या रात्रीचं सांगतो. दार बरोबर निघालं. आतून आलो, सरळ सहा पावलं पुढं, हात उचलला तं माईक हाताशी. मले इतका आनंद झाला म्हणून सांगू! दोन सालांत पयल्यांदा मी न भिता स्टेजवर फिरलो. काम असं रंगलं का वन्स मोअर आला. मंग शेवटचा प्रवेश. "हे घर तुमचं, हे आंगण तुमचं, माही फक्त वाट," असं म्हणून मी उजवीकडे वळलो अन् चार पावलं मोजली. तेवढ्यात रंजीताच्या बांगड्या वाजल्या, डाव्या अंगाले. एकदा नाई, जोरजोरात. मी मनात म्हणलो, पोरगी आज जागा चुकून राह्यली. अन् पाय टाकला.

आता चूक कोणाची? तू मले जन्मापासून समोरूनच पाह्यलं, कारण मीच तुले समोर बसवत आलो. तुह्या डोळ्यांत स्टेज तसंच राहीन ना! अन् मी जर लिहिलं असतं का बाई, हा आंधळा मीच आहो, तं तू मले डोळ्यापुढं उभं करून पाह्यलं असतं, अन् माहा उजवा हात तुले दिसला असता. मी एक कलावंत, एक कलावंत करत बसलो. ज्याले तोंड नाई, त्याले उजवं-डावं कुठून येणार? दुखते ते पायाचं नाई, पोरी. दुखते ते हे, का तुह्यासारख्या लेकराले मी खोटं बोललो अन् त्याचा भार तुह्या डोक्यावर पडला.

दारुडा म्हणतात तं म्हणू दे. पत्रूभाऊले मी सांगितलं, चप्पल सटकली. त्यानं माह्या प्लास्टरकडे पाह्यलं. मंग म्हणला, "संक्रांतीनंतर ये. पण लटारू, परत असं झालं तं मले दुसरा बाप पाहा लागीन." म्हणजे आता एकच डाव उरला.

चोवीस जानेवारीले सावरटोल्याले शंकरपट आहे. दिवसा बैलं पळतीन, रात्री आमचं नाटक. शनिवार आहे, सुटी मागून घेजो. मायले घेऊन दुपारीच ये, उजेड असताना. स्टेजवर चढ. पण या टायमाले पडद्याकडे पाठ करून, लोकांकडे तोंड करून उभी राह्य, जशी मीच आहो. अन् मंग आकडे लिही. मायले माह्या डोळ्याचं मी आजच सांगतो. बोंब मारीन, मारू दे.

येशील ना? तू नाई आली तं मी कोणाच्या आकड्यावर चालू?

तुहा आंधळा मामा


अहेरी
२८ जानेवारी २०२६

मामाजी, जय भीम.

त्या रात्री गाड्यांच्या गर्दीत तुमच्याशी धड बोलता आलं नाही, आणि जे सांगायचं होतं ते बोलून सांगता आलंही नसतं.

दुपारी मी त्या स्टेजवर चढले तेव्हा खाली पटांगणात बैलांची धूळ उडत होती. मी पडद्याकडे पाठ केली आणि उभी राहिले. इतकी वर्षं मी समजत होते की स्टेज ही पाहायची वस्तू आहे. तिथून तर आपलंच सगळं दिसतं. माझी सतरंजी टाकतात ती जागा दिसली. ती शून्याच्या खाली, उण्यात होती. कागदावर मी तिला जागाच दिली नव्हती, कारण जिथं आपण बसतो ते कोण मांडतो? मॅडमचं "आपण ठेवू तिथं शून्य" मला त्या वेळी समजलं. शून्य कुठं ठेवलं एवढं सांगून भागत नाही. कोणीकडे तोंड करून उभे आहोत, तेही एकमेकांना सांगावं लागतं.

पायऱ्या तुमच्या डावीकडे पाच निघाल्या. (−५, ०). तुमचा हात धरून चालून दाखवल्या, तेव्हा तुम्ही चेष्टा केली की माझी भाची मला उण्यात काढते.

रात्री मी हट्टानं विंगेत बसले. आता जे लिहिते आहे ते मला सांगू नको म्हटलं आहे. पण लपवल्यानं काय होतं ते आपण दोघांनी पाहिलं. म्हणून सांगते.

शेवटच्या प्रवेशात तुम्ही वळलात तेव्हा रंजीताताई पायऱ्यांजवळ पडून रडत होत्या. तोंड लोकांकडे, अश्रू खरे. आणि एक हात पदराखाली. त्या हातानं त्या बांगड्या वाजवत होत्या, मामाजी. तुम्ही एक पाऊल टाकलं की एकदा. थांबलात की थांबायच्या. खाली नथ्थूकाकांनी तुम्ही काठाशी येताच डग्ग्यावर एक जड थाप मारली. तालात नव्हती ती. तुम्ही थांबलात, पाय चाचपला, उतरलात. लोकांमधून चालत गेलात, आणि सगळ्या बायांनी पाय आखडून वाट दिली.

पडदा पडल्यावर मी रंजीताताईंना विचारलं. त्या आधी हसल्या, मग डोळे पुसले. म्हणाल्या, "दोन सालांपासून वाजवून राह्यलो आम्ही. सगळ्यांले माहीत आहे. पिंपळटोल्याले मी इतक्या वाजवल्या का चार फुटल्या, पण भाऊ वळलेच नाई. तू त्यांले सांगू नको गं. लोकांनी सांभाळलं असं कळलं तं मन मोडीन त्यांचं."

म्हणजे तुमच्याकडे बरोबर आकडा आधीपासून होता. माझा कागद नसता तर तुम्ही पडलाच नसता. हे लिहिताना पुन्हा रडू आलं, पण पुस्तक पेटीत टाकलं नाही.

कालच्या चाचणीत प्रश्न होता: (४, ०) आणि (−४, ०) यांतला फरक सांगा. मी उत्तर लिहिलं आणि खाली एक ओळ जोडली, पाहणारा उलट्या बाजूला बसला तर दोन्हींची अदलाबदल होईल. मॅडमनी ती ओळ वर्गाला वाचून दाखवली आणि विचारलं, हे तुला कुठं सुचलं? मी म्हटलं, आमचे मामा नाटकात आहेत.

रागावू नका रंजीताताईंवर.

दिव्यानी


वडसा
३ फेब्रुवारी २०२६

भाचीबाई,

तुही चिठ्ठी मी उजाडल्यावर गाडीच्या मागच्या सीटवर वाचली. समोर सारे झोपले होते, रात्रभरच्या नाटकानं दमलेले. रंजीता खिडकीले डोकं टेकून, नथ्थू तोंड उघडं टाकून. मी एकेकाचं तोंड पाहात राह्यलो. अन् मंग रडलो पोरी, मोठ्यानं. नथ्थू जागा झाला, म्हणला, "काय झालं भाऊ?" मी म्हणलो, काई नाई, डोळ्यात काई गेलं. साला म्हणते कसा, "तुमच्या डोळ्यात जाले जागा कुठी आहे?" अन् जीभ चावली. मंग आम्ही दोघं हासलो, इतकं हासलो का सारी गाडी उठली.

दोन सालं मले वाटत होतं का मधल्या माईकाखाली मी एकटाच उभा आहो, अन् माही हुशारी मले तारून नेते. कायची हुशारी! रागावू कोणावर? लाज वाटली पयले, खरं सांगतो. मंग लाजंपेक्षा मोठं काई तरी वाटलं, त्याचं नाव मले येत नाई.

पत्रूभाऊकडे गेलो. म्हणलो, मालक, मी खोटं बोललो, चप्पल नव्हती सटकली. तो पान लावत होता. वर न पाहाता म्हणला, "लटारू, तुह्याच प्रवेशाले दोन फोकस जास्तीचे कायले लागतात, हे कधी विचारलं का तू?" पुढच्या सालचं पुढच्या साली पाहू म्हणला. या सालचा बाप मीच.

तुहा कागद फाडला नाई. आता गाव आलं का रंजीता बॅटरी घेऊन स्टेजवर चढते, लोकांकडे तोंड करून उभी राहाते अन् आकडे मले ओरडून सांगते. तुह्या चिठ्ठीतलं तिले वाचून दाखवलं. कोणीकडे तोंड आहे ते ती पयले सांगते, मंग आकडा. साऱ्या कंपनीनं पाठ केलं आहे. पण माणसं थकतात, आकडा चुकते, म्हणून दोन्ही राहू दे म्हणलो मी, आकडाही अन् आवाजही.

अन् या साऱ्याच्या पयलेचं शेवटी सांगतो. चिठ्ठी वाचली त्याच सांजेले, नाटकाआधी, रंजीता तोंडाले रंग लावून बसली होती. मी तिच्याजवळ गेलो अन् तिच्यापुढं एक पुडा ठेवला. बाजारातून आणल्या, हिरव्या, काचेच्या. तिनं पुडा सोडून पाह्यला अन् तिले समजलं का मले समजलं. खाली मान घातली. मी म्हणलो, "पदराखालून नोको वाजवू बाई. हात वर करून वाजव. लोकांले दिसू दे."

मामा